कूस कुणाच्या मालकीची?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हे आपण सर्वजण जाणतो. पण बेड्या तुटल्या म्हणून तेथील काळ्या स्त्रीची कूस मोकळी झाली काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे.

गुलामीत तिचे मूल म्हणजे मालकाची मिळकत. १८०८ साली बाहेरून गुलाम आणण्यास बंदी झाली, तेव्हा तर तिच्या बाळंतपणाला बाजारभावच आला. अलाबामातील माँटगोमेरी येथे डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. एकट्या अनार्कावर सुमारे तीस! हेच गृहस्थ पुढे 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक' ठरले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्यांचा पुतळा हलायला २०१८ साल उजाडावे लागले.

पुढे वारे फिरले. पूर्वी हवे असलेले मूल आता डोईजड वाटू लागले. १९६१ साली मिसिसिपीत फॅनी लू हॅमर गाठ काढून घ्यायला गेल्या आणि न विचारताच त्यांचे गर्भाशय काढले गेले. १९७३ साली माँटगोमेरीतच बारा व चौदा वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी उघडकीस आली. निरक्षर आईने कागदावर फुली मारली होती. मुलींना केवळ इंजेक्शन देणार, अशी तिची समजूत होती.

आणि आज? 'काळ्या बाईला मुलांचा काय तोटा?' हा समज अजून गेलेला नाही. त्यामुळे तिला मूल होत नाही हे दुःख कुणाच्या ध्यानातच येत नाही. गर्भाशयातील गाठींचा त्रास तिला अधिक आणि लहान वयात होतो. वंध्यत्वावरचे महागडे उपचार मात्र तिच्या वाट्याला कमी येतात. मिशेल ओबामांसारख्या स्त्रीनेही आपला गर्भपात आणि नलिका-गर्भधारणेचा अनुभव २०१८ साली आत्मचरित्रात सांगितला, तोवर हे बोलायचे नसते असेच मानले जात होते. २०२३ साली अमेरिकेत दर लाख जन्मांमागे ५०.३ काळ्या माता दगावल्या. गोऱ्या माता १४.५.

कुणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या बायकांची चिंता आपण का वाहावी? २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या बातम्या आपण वाचल्या. गरीब बाईची कूस कामाच्या आड येते, हा हिशेब मला तरी ओळखीचा वाटतो.

१९९४ साली शिकागोत काही काळ्या स्त्रियांनी 'प्रजनन-न्याय' ही कल्पना मांडली. मूल नको म्हणण्याचा, हवे म्हणण्याचा आणि झालेले मूल सुखरूप वाढवण्याचा, असे तीनही हक्क तीत येतात. आपण कुटुंबनियोजनावर निबंध लिहितो, तेव्हा पहिल्या हक्कापाशीच थांबतो. उरलेले दोन हक्क ज्यांना नाकारले गेले, त्यांच्याकडूनच ते शिकावे लागतील.