रुग्णाच्या उशाशी कोण बोलणार?

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील सकाळची फेरी ज्याने रुग्णाचा नातेवाईक म्हणून एकदा तरी अनुभवली आहे, त्याला पुढील दृश्य अपरिचित नसेल. प्राध्यापक पुढे, त्यांच्यामागे त्यांचे सहकारी, मग निवासी डॉक्टर, मग विद्यार्थी आणि सर्वांत मागे केसपेपरांचा गठ्ठा हाती घेतलेली परिचारिका. खाटेपाशी मिनिटभर इंग्रजीत बोलणे होते, कागदावर चार ओळी लिहिल्या जातात आणि फेरी पुढे सरकते. ती गेल्यावर रुग्ण लादी पुसणाऱ्या मावशींना विचारतो, ‘‘डॉक्टर काय म्हणाले हो?’’ मावशी सिस्टरांकडे बोट दाखवतात. सिस्टर म्हणतात, डॉक्टरांनाच विचारा. आणि डॉक्टर तोवर शस्त्रक्रियागृहात गेलेले असतात. यात कोणी दुष्ट नाही, कोणी आळशी नाही. प्रत्येकाने आपापले काम केलेले आहे. तरीही ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे, त्याला आपल्या देहाचे काय चालले आहे, हे कळलेले नाही.

रुग्णाला केंद्रस्थानी ठेवून उपचार व्हावेत, हे तत्त्व म्हणून कोणीच नाकारत नाही. पण ही गोष्ट आपण आजवर स्वभावावर सोडून दिली आहे. अमक्या डॉक्टरांचा हातगुण चांगला, तमक्या सिस्टर फार प्रेमळ, असे आपण म्हणतो आणि ज्याच्या वाट्याला असा माणूस आला तो भाग्यवान, असे समजून गप्प बसतो. वस्तुतः ऐकून घेणे, समजेल असे सांगणे, सहकाऱ्याची शंका मनावर घेणे आणि वरिष्ठाला वेळीच थांबवणे ही सारी शिकण्याची व शिकवण्याची कौशल्ये आहेत. शिवण घालणे जसे शिकवावे लागते, तसेच हेही शिकवावे लागते. आणि ते डॉक्टरांना एका इमारतीत व परिचारिकांना दुसऱ्या इमारतीत शिकवून भागत नाही. ज्यांना एकत्र काम करावयाचे आहे त्यांनी ते एकत्रच शिकले पाहिजे.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. प्रश्न प्राणांचा आहे. 2005 सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील एका खासगी रुग्णालयात मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाच्या पत्नीवर सायनसची साधी, पूर्वनियोजित शस्त्रक्रिया व्हावयाची होती. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा राहीना. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा करीत राहिले आणि त्यात वीसहून अधिक मिनिटे गेली. अशा वेळी गळ्यातून श्वासमार्ग करावा लागतो, हे तेथील परिचारिकांच्या ध्यानात आले होते. एकीने त्याचे साहित्य आणून ठेवले व तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवण्यास कळविले, पण डॉक्टरांचा चेहरा पाहून आपणच अतिरेक करीत आहोत असे वाटून तिने ती रद्द केली. काही दिवसांनी ती महिला मरण पावली. त्या खोलीत ज्ञानाची उणीव नव्हती, साहित्याची नव्हती आणि हेतूचीही नव्हती. उणीव होती ती एका वाक्याची, आणि ते वाक्य बोलण्याचे धैर्य व ऐकण्याची सवय कोणालाही कधी शिकविली गेली नव्हती.

ब्रोमिली यांनी सूडाची भाषा केली नाही. आपल्या व्यवसायात अशा प्रसंगी काय केले जाते, हे त्यांना ठाऊक होते. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन 583 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी एका विमानातील अभियंत्याने ‘समोरचे विमान बाजूला झाले आहे ना?’ अशी शंका काढली होती. परंतु कप्तान नामांकित व ज्येष्ठ होते, त्यांनी ती झटकून टाकली आणि पुढे कोणी बोलले नाही. या व अशा अपघातांपासून विमान-व्यवसायाने धडा घेतला. 1979 साली अमेरिकेच्या ‘नासा’ने या विषयावर परिषद भरविली आणि 1981 पासून युनायटेड एअरलाइन्सने कप्तान व सहकारी यांचे एकत्र प्रशिक्षण सुरू केले. शंका कशी बोलून दाखवावी हे कनिष्ठाने शिकावयाचे आणि ती कशी ऐकावी हे ज्येष्ठाने, असा त्याचा आशय होता. त्यामुळे कप्तानाचा अधिकार गेला नाही. तो अधिक सुरक्षित झाला. हाच विचार रुग्णालयांत नेण्यासाठी ब्रोमिली यांनी 2007 साली एक संस्था उभी केली.

शस्त्रक्रियागृहासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली एक पानभर तपासयादी तयार केली. तीत एक कलम असे आहे की, चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. वरवर पाहता ही औपचारिकता वाटेल. पण ज्याने एकदा आपले नाव उच्चारले आहे, तो पुढे गरज पडल्यास बोलतो, असा अनुभव आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आणि मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण 11 वरून 7 वर आले.

यावरून कोणी म्हणेल, मग परिपत्रक काढा आणि यादी भिंतीवर लावा! कॅनडातील ओंटारिओ प्रांतात साधारण असेच झाले. तेथे ही यादी सक्तीची करण्यात आली, आणि 101 रुग्णालयांच्या नोंदी तपासून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यू वा गुंतागुंत यांत लक्षणीय घट आढळली नाही. याउलट अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या रुग्णालयांत सर्जन, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांना एकत्र बसवून प्रशिक्षण देण्यात आले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्या 74 रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे वार्षिक प्रमाण शेकडा 18 ने घटले. न घेतलेल्या 34 रुग्णालयांत ही घट शेकडा 7 इतकीच होती. कागद तोच, माणसेही त्याच तोडीची. फरक पडला तो प्रशिक्षणाने. परिपत्रकांवर अपार श्रद्धा असलेल्या आपल्या शासनव्यवस्थेने हे विशेष ध्यानात घ्यावे.

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे म्हणून मोकळे होण्याची सोय महाराष्ट्राला तरी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा आरोग्यसेवेच्या कामात त्यांनी गावांतील स्त्रियांना सहभागी करून घेतले. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येऊन शिकत, आणि शिकता शिकता डॉक्टरांना गावची स्थिती शिकवीत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे, जंतुसंसर्ग ओळखण्याचे, इतकेच नव्हे तर इंजेक्शन देण्याचेही शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 वरून सुमारे 25 वर आले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने जगापुढे मांडले. 2011 पासून ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. दोन्ही ठिकाणी डॉक्टरांनी नेतृत्व सोडले नाही. त्यांनी ते वाटून घेतले. जे खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीबरोबर साधले, ते महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या परिचारिकेबरोबर साधू नये काय?

आपल्या अभ्यासक्रमाला याची जाणीवच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत आणि त्यांत उपचार करणारा, संवाद साधणारा यांबरोबरच आरोग्यसेवेतील संघाचा नेता व घटक ही भूमिकाही आहे. वृत्ती, नीती व संवाद यांचे धडे प्रत्येक वर्षी ठेवले आहेत. हे स्वागतार्हच होय. परंतु हे धडे केवळ भावी डॉक्टरांसाठी आहेत. ज्या संघाचा घटक व्हावयाचे, तो संघ त्या वर्गात हजरच नाही! संघभावना एकट्याने शिकणे म्हणजे काठावर बसून पोहणे शिकण्यासारखे आहे. शिवाय विद्यार्थी व्याख्यानातून जितके शिकतो, त्याहून अधिक तो वॉर्डात पाहून शिकतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. दुपारच्या तासाला सहानुभूतीवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सकाळी सरांना सर्वांसमक्ष परिचारिकेवर ओरडताना पाहिले असेल, तर तो कोणता धडा घेऊन बाहेर पडेल, हे उघड आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत एक मोठी अनुकूलता आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या व भौतिकोपचार या शाखांची महाविद्यालये आहेत. छप्पर एकच आहे. मधल्या भिंती तेवढ्या काढावयाच्या आहेत. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे 1986 पासून आरोग्यविषयक विविध शाखांच्या विद्यार्थ्यांना काही भाग एकत्र शिकविला जातो आणि 1996 साली तेथे अशा विद्यार्थ्यांच्या संघाने, अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली, चालवावयाचा एक वॉर्डच सुरू झाला. आपल्याकडे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निदान एक वॉर्ड याप्रमाणे चालविणे अशक्य का असावे? त्यासाठी नवी इमारत नको, परदेशी यंत्रे नकोत. वेळापत्रके जुळवावी लागतील आणि काही मानापमान गिळावे लागतील, एवढेच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला वेळेचा. बाह्यरुग्ण विभागात दीडशे माणसे रांगेत असताना ऐकून घ्यावयास सवड कोठली? आक्षेप खोटा नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी काळ स्वीडनमध्ये 22 मिनिटांहून अधिक, तर भारतात जेमतेम दोन मिनिटे आढळला. डॉक्टरांची संख्या वाढविल्यावाचून या दुखण्यावर पुरता उतारा नाही आणि गोड बोलण्याचे वर्ग भरवून रिक्त पदे झाकण्याचा प्रयत्न शासनाने करू नये. परंतु वेळ कमी आहे म्हणूनच संघाची गरज अधिक आहे. मधुमेहाच्या रुग्णाने काय खावे हे आहारतज्ज्ञाने, गोळ्या कशा घ्याव्यात हे औषधनिर्मात्याने, घरच्या अडचणींची वाट कशी काढावी हे समाजसेवा अधीक्षकांनी सांगावे; मात्र या चौघांचे सांगणे एकमेकांशी जुळावे. आज ते जुळत नाही, म्हणून रुग्ण तीच विचारणा चार खिडक्यांवर करतो आणि चौघांचा वेळ घेतो.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. शेवटी जबाबदारी डॉक्टरची. न्यायालयात उभे राहावे लागते ते त्याला. मग निर्णयात इतरांचा वाटा कशाला? येथे विचारांचा घोटाळा आहे. निर्णय एकानेच घ्यावा, हे अनेकदा योग्य असते. पण त्या निर्णयापूर्वी सर्वांना दिसलेले त्या एकाच्या कानावर गेले पाहिजे. रात्रभर रुग्णाच्या उशाशी असलेल्या परिचारिकेला जे दिसते, ते सकाळी पाच मिनिटे येणाऱ्या तज्ज्ञाला दिसू शकत नाही. ते तिच्याकडून विचारून घेणे हा मोठेपणाचा त्याग नव्हे, तो नेतृत्वाचा पहिला पाठ आहे.

या प्रश्नाची आणखी एक कडवट बाजू आहे. डॉक्टरांवर होणारे हल्ले निंद्यच आहेत आणि त्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2010 साली कायदाही केला. हल्लेखोराच्या कृत्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. तथापि रुग्ण दगावल्याची वार्ता सांगण्याचे काम बहुधा ज्याच्या वाट्याला येते, तो असतो छत्तीस तास न झोपलेला, विशीतला निवासी डॉक्टर. ती वार्ता कशी सांगावी हे त्याला कोणी शिकवून दाखविलेले नसते, शेजारी ज्येष्ठ नसतो, समाजसेवा अधीक्षक नसतात. त्या मुलाला एकटे पाठविणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे आणि त्या कुटुंबावरचाही.

म्हणून मागणे थोडके आहे. वैद्यक व परिचर्या यांच्या विद्यार्थ्यांचे काही पाठ वॉर्डातच एकत्र व्हावेत; त्यांची परीक्षाही एकत्र घ्यावी, कारण जे परीक्षेत नसते ते आपल्याकडे वर्गातही नसते. हे प्रशिक्षण विद्यार्थ्यांआधी प्राध्यापकांना, विभागप्रमुखांना व अधिसेविकांना द्यावे. आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी दोन प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडावा: परिचारिकेला, ‘‘सिस्टर, आमच्या नजरेतून काही सुटले का?’’ आणि रुग्णाला, ‘‘आजोबा, आम्ही काय सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगा बरे.’’ या दोन प्रश्नांना मिळून मिनिटभर पुरेल. ज्या दिवशी मावशींना ‘‘डॉक्टर काय म्हणाले हो?’’ असे कोणी विचारणार नाही, त्या दिवशी हे शिक्षण सफल झाले असे समजावयास हरकत नाही.