उसाला शिव्या कशाला? नळीवर आकडा लिहा!

गेल्या महिन्यात कामासाठी मुंबईला जाणे झाले. मुक्काम लालबागला, आमच्याच तालुक्यातून गिरणीत गेलेल्या एका कामगाराच्या घरी. गिरणी कधीच बंद पडली. त्याचा मुलगा आता परळच्या एका गॅरेजात मोटारी दुरुस्त करतो. संध्याकाळी आम्ही तिथे टेकलो असताना गिरगावचा एक तरुण आपली टर्बोची मोटार घेऊन आला. कॉम्प्युटर लावून इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली गाडी. जोर दिला की इंजिन टकटक वाजते, ही तक्रार. आम्ही शेतकऱ्यांचे काम करतो हे कळल्यावर तो म्हणाला, "काका, तुमच्या उसाने माझ्या इंजिनाची वाट लावली!"

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, हे वाक्य एकट्या त्या पोराचे नाही. म्हणून त्याचा हिशोब करू.

पहिली गोष्ट, उसाचे नाव फुकाचे घेतले जाते. २०२५-२६ च्या वर्षासाठी तेल कंपन्यांनी जे इथेनॉल वाटून दिले, त्यात साखर कारखान्यांचा वाटा २८ टक्के. मक्याचा ४५ टक्क्यांहून जास्त. (मकावालाही आपलाच भाऊ, त्याच्याकडे बोट दाखवण्यासाठी हे सांगत नाही.)

दुसरी गोष्ट, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेटायला इंधन किती नकार देते, त्याचे ते माप. टर्बो हवा कोंबून भरतो, ट्यूनिंगवाला आणखी कोंबतो. तिथे कमी ऑक्टेनचे इंधन अवेळी भडकते आणि पिस्टनवर हातोडा बसतो. आता इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. शिवाय वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषते, आत जाणारी हवा गार करते. म्हणजे टर्बोच्या गाडीला हवे असलेले दोन्ही गुण आपल्या मळीत आणि मक्यात आहेत. सरकारच सांगते की पूर्वीचे पेट्रोल ८८ चे होते, मग ९१ चे आले आणि २० टक्के मिश्रणाने ते ९५ वर गेले.

मग गाडी वाजते का? गॅरेजातल्या आमच्या पोराने दोन प्रश्नांत उत्तर काढले. गाडीची आखणी केली होती १०० ऑक्टेनच्या, इथेनॉल नसलेले म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पेट्रोलवर. ते परवडेना म्हणून महिनाभर साधे भरत होता. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त द्यावे लागते. सावकाश चालीत सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण जोरात इंजिन आखणीवर विसंबते, आणि आखणी दुसऱ्याच इंधनाची! काळ्या जमिनीचे पाण्याचे वेळापत्रक मुरमाड रानाला लावले तर पीक वाळेल, त्यात बियाण्याचा काय दोष? उपाय साधा आहे. एक इंधन ठरवा, त्याच्यावरच आखणी करून घ्या, इंजेक्टर आणि पंप तेवढे इंधन पुरवतील का ते आधी पाहा, आणि मग मोहाने दुसऱ्या नळीखाली उभे राहू नका.

पण त्या तरुणाची अर्धी तक्रार खरी आहे आणि आम्ही ती नाकारणार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश उष्णता असते. २० टक्के मिसळले की लिटरमागे सहा-सात टक्के उष्णता गेली. त्यातली काही नव्या बनावटीची गाडी भरून काढते, जुनी काढत नाही. मुंबईत २०२५ मध्ये लिटरला १०३ रुपयांच्या वर मोजणाऱ्या माणसाला कमी उष्णतेबद्दल सूट किती मिळाली? शून्य. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मिश्रित इंधन स्वस्त ठेवण्याची शिफारस होती. ती कुठे गेली? आणि हे केवळ मोटारवाल्याचे दुखणे नाही. आपल्या बांधावरची जुनी कार्ब्युरेटरची फटफटी आणि हंगाम संपला की टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात टाकलेला फवारणीचा पंप आठवा. इथेनॉल ओल धरते, जुने रबर खाते.

आम्ही शेतीचे पदवीधर. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ छापले नाही तर दुकानदारावर कारवाई होते. मग साध्या पेट्रोलच्या नळीवर ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती, हे ठळक अक्षरात का नसावे? २०२२ मध्ये १० टक्के होते, २०२५ मध्ये २० झाले. निवड गिऱ्हाइकाला कधी दिलीच नाही. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली, तेव्हा सरकारच्या बाजूने ऊस उत्पादकाचे हित पुढे केले गेले. सक्ती दिल्लीची, ढाल आपली.

आपल्यातलेच काही पुढारी म्हणतात, सक्ती आहे म्हणून उसाला भाव आहे. त्यांना ७ डिसेंबर २०२३ ची आठवण देतो. त्या दिवशी रसापासून इथेनॉल करण्यावर बंदीचा हुकूम निघाला. आसवन्यांसाठी कर्ज काढलेले कारखाने रात्रीतून अडकले. आठ दिवसांत थोडी ढील मिळाली, बंधन उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. ज्या हाताने सक्ती केली त्याच हाताने बंदी केली. भावाचे तेच. २०२२-२३ मध्ये उसाची एफआरपी क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२४-२५ मध्ये ३४०. रसाच्या इथेनॉलचा दर मात्र दोन्ही वर्षी ६५ रुपये ६१ पैसे. चर्चगेटचे पेट्रोलियम हाऊस, बॅलार्ड इस्टेटचे भारत भवन, दोन्ही त्या पोराच्या गिरगावापासून हाकेच्या अंतरावर. पण तिथले साहेबही भाव ठरवत नाहीत, तो दिल्लीहून येतो. कापूस एकाधिकारात ज्यांचे हात पोळले त्यांना हा वास ओळखीचा वाटेल.

ब्राझीलमध्ये एकाच पंपावर मिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल शेजारी-शेजारी मिळते. २००३ पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या तिथे आहेत. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असला तर लोक ते भरतात, नसला तर भरत नाहीत. आपल्याकडे २०२४ च्या मार्चमध्ये पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर निव्वळ इथेनॉल आले, त्यात महाराष्ट्र होता. त्यावर चालणाऱ्या गाड्या मात्र दुकानात नव्हत्या!

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: नळीवर ऑक्टेन आणि इथेनॉलचे प्रमाण लिहा, उष्णतेप्रमाणे भाव लावा, कमी मिश्रणाचे पेट्रोल आणि जास्त इथेनॉलचे इंधन दोन्ही विकू द्या, आणि रसाचे काय करायचे ते कारखान्यावर सोडा. विरोध करणाऱ्यांनीही जरूर यावे. येताना आपापल्या कारखान्याने गेल्या तीन हंगामांत किती इथेनॉल विकले आणि उसाचे बिल कोणत्या तारखेला दिले, हे दोन आकडे लिहून आणावेत.