एका निवेदकाची आवड
१९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत बीबीसीच्या रेडिओ १ वरून, बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा मुलाहिजा न ठेवता, ज्यांनी नवख्या इंडी रॉक वाद्यवृंदांना श्रोत्यांसमोर आणले, त्या जॉन पील यांच्या अभिरुचीला हा अंक आम्ही आदरपूर्वक वाहिला आहे. डेरीच्या ‘द अंडरटोन्स’ या वाद्यवृंदाचे ‘टीनएज किक्स’ हे गाणे त्यांना १९७८ साली इतके भावले, की ते त्यांनी लागोपाठ दोनदा वाजविले; ‘द फॉल’ या वाद्यवृंदावरील त्यांची निष्ठा तर अखेरपर्यंत अढळ राहिली. गाण्यांची निवड यंत्राच्या हवाली होत असताना एका माणसाच्या निर्भय आवडीचे मोल आम्हांस विशेष वाटते, म्हणून येथे इतिहासापेक्षा आस्वादाला अग्रस्थान आहे. आपल्या अभिरुचीला वळण लावणाऱ्या निवेदकाविषयी वाचकांनी आम्हांस अवश्य लिहावे.