विश्लेषण : नाव तेच, जहाज दुसरे! मालवाहू जहाजांची खरी ओळख कशी पटते?

केरळच्या किनाऱ्याजवळ २५ मे २०२५ रोजी ६४० कंटेनरसह बुडालेले ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज १९९७ मध्ये बांधलेले. त्याआधी ते वेगळ्या नावांनी धावले होते. त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास काढायचा तर नाव पुरत नाही. सागरी व्यापारात एकाच नावाची अनेक जहाजे आणि एकाच जहाजाची अनेक नावे, दोन्ही नेहमीचेच.

एकच नाव अनेकांना कसे?

जहाजाचे नाव मंजूर होते ते त्या-त्या देशाच्या नोंदणीपुरते. भारतात हे काम मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे आहे. भारतीय जहाजाचे नाव पनामा किंवा लायबेरियाच्या ध्वजाखालील जहाजालाही असू शकते. शिवाय कंपन्या आपली जुनी नावे नव्या जहाजांना देतात. फॉकलंड युद्धात मे १९८२ मध्ये ‘अटलांटिक कन्व्हेयर’ क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात गेले, १२ जण ठार झाले. १९८५ मध्ये त्याच नावाचे नवे जहाज आले.

‘डर्बीशायर’चे प्रकरण काय?

लिव्हरपूलच्या बिबी लाइनकडे ‘डर्बीशायर’ नावाची जहाजे १८९७ आणि १९३५ मध्येही होती. सप्टेंबर १९८० मध्ये जपानजवळ वादळात बुडाले ते १९७६चे; जन्मनाव ‘लिव्हरपूल ब्रिज’. लोहखनिज घेऊन निघालेल्या या जहाजाने मदतीचा संदेशही पाठवला नाही. ४४ जण गेले. जहाजाच्या रचनेतच दोष असावा, असा नातेवाईकांचा संशय होता. त्यासाठी त्याच आराखड्याच्या इतर जहाजांकडे पाहणे भाग होते. त्यांपैकी ‘इंग्लिश ब्रिज’चे पुढे ‘वूस्टरशायर’ झाले आणि आणखी काही नावांनंतर ‘कौलून ब्रिज’. १९८६ मध्ये ते आयर्लंडच्या खडकांवर आदळले, त्याआधी त्याच्या डेकला तडे गेले होते. त्यानंतरच ‘डर्बीशायर’ची औपचारिक चौकशी मार्गी लागली. अवशेष १९९४ मध्ये सापडले. २०००च्या अहवालाने कारण वेगळे दिले, नाळेकडील भागात पाणी शिरल्याचे. पण खलाशांवरचा निष्काळजीपणाचा ठपका पुसला गेला. वीस वर्षे लागली, हे विसरता येत नाही.

मग क्रमांक कशासाठी?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८७ मध्ये सात अंकी क्रमांकाची पद्धत स्वीकारली. १ जानेवारी १९९६ पासून ३०० टन व त्यावरील मालवाहू जहाजांना ती बंधनकारक झाली. मालक, ध्वज, नाव बदलले तरी क्रमांक तोच. शेवटचा अंक पडताळणीचा. ‘एल्सा ३’चा क्रमांक ९१२३२२१. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली की १०१ येते. तिचा शेवटचा अंक १, म्हणून सातवा अंकही १.

तरीही पळवाट कुठे?

निर्बंध चुकवणारे तेलवाहू टँकर नाव आणि ध्वज वारंवार बदलतात. काही तर भंगारात निघालेल्या जहाजाचा क्रमांकच वापरतात. गणिताच्या पडताळणीत असा क्रमांक बरोबरच ठरतो, कारण तो खराच असतो. अशा वेळी उपग्रह छायाचित्रावरून लांबी-रुंदी मोजून जुन्या आराखड्याशी ताडून पाहावी लागते. त्या जहाजावरच्या खलाशाचा पगार थकला किंवा अपघात झाला, तर कागदोपत्री ते जहाज आधीच तोडलेले असते.