आधी परवाना, मग पासपोर्ट

मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. खेड-चिपळूणकडची आमची पोरं परीक्षा झाली की दुबई, कतारचं बोलू लागतात. जावं त्यांनी, जरूर जावं. राग येतो तो गावोगाव फिरणाऱ्या सब-एजंटांचा. ऑफिस नाही, पावती नाही. कुणाच्या तरी मामाची ओळख आणि मोबाइलवर व्हिसाचा फोटो, एवढंच भांडवल.

१९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी बंधनकारक आहे. त्याचा परवाना ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. नुसता क्रमांक पाहून थांबू नका. नाव, पत्ता, मुदत जुळवा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही असतात. एजंटाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये, वर जीएसटी. तरीही आईचे दागिने गहाण पडतात आणि लाखाच्या पुढची रक्कम रोख दिली जाते! मला हे बघवत नाही.

‘आता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो,’ असं कुणी म्हणालं तर पासपोर्ट उचलून सरळ घरी यावं. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय लिहिलेला करार विमानतळावर नव्हे, आधी घरी वाचायला मिळाला पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर परवानाधारक एजंटांची यादी लावा, आणि दर महिन्याला ती बदला.