आधी मूठ, मग बाकीचे

हवाई पिस्तुलात आपल्या हाताप्रमाणे फेरफार करू पाहणाऱ्या नेमबाजाला दोन बाजूंनी उपदेश ऐकावा लागतो. एक बाजू म्हणते, नाचता येईना अंगण वाकडे. मुकाट सराव कर, पिस्तुलाला कानस लावू नकोस. दुसरी बाजू सुट्या भागांची यादीच पुढे करते: नवी नळी, नवा कॉम्पेन्सेटर, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, जास्तीची वजने. यातला प्रत्येक भाग दोन-चार गुण वाढवील असा भरवसाही देते. या दोन्ही बाजू एकमेकींच्या विरोधात उभ्या दिसल्या तरी त्यांची चूक एकच आहे. पिस्तुलाच्या कोणत्या भागाचा नेमाशी नेमका काय संबंध आहे, हे दोघीही तपासत नाहीत. माझे म्हणणे असे की 10 मीटर हवाई पिस्तुलात जे भाग हाताला भिडतात किंवा डोळ्याला दिसतात, म्हणजे मूठ, ट्रिगरची पट्टी, साइट आणि तोल, ते स्वतःच्या शरीराप्रमाणे जुळवून घेणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे, आणि तोही पहिल्या दिवसापासून. जे भाग वेग किंवा नळीची अचूकता वाढवू म्हणतात, त्यांवरचा खर्च बहुतेक नेमबाजांच्या बाबतीत वाया जातो.

हे मत आहे की हिशेब, ते लक्ष्यपत्रिका समोर ठेवून पाहावे. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि त्याच्या भोकाची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकले तरी दहाच पडतात. आता समजा, फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत अगदी बरोबर बसली आहे आणि सबंध हातच थोडा सरकला आहे. पिस्तूल जेवढे सरकले तेवढाच छर्रा सरकतो. 5-6 मिलिमीटरची डुलणी दहाच्या आतच राहते. पण हात स्थिर राहून फोरसाइट खाचेत एका बाजूला झुकली, तर ती चूक कोनाची होते आणि अंतराबरोबर वाढत जाते. दोन साइटमधले अंतर साधारण 33 सेंटिमीटर धरले, तर 10 मीटरवर 8 मिलिमीटर चुकायला फोरसाइट जेमतेम पाव मिलिमीटर हलावी लागते. पाव मिलिमीटर! इतकी सूक्ष्म चूक मनगटाच्या किंचित वळण्याने होते, ट्रिगरवर बोट तिरके पडल्याने होते, तळहात आणि मूठ यांच्यामध्ये पोकळी राहिल्याने होते. उलट नामांकित कारखान्यातून आलेल्या स्पर्धेच्या पिस्तुलासोबत चाचणीचे कार्ड येते. पिस्तूल यंत्रात घट्ट आवळून झाडलेल्या छर्र्यांनी त्यावर एका छर्र्याहून थोडेसेच मोठे असे एकच भोक पाडलेले असते. नळी आपले काम आधीच चोख करत असते. गुण जातात ते नळीच्या मागे, जिथे धातू संपून हात सुरू होतो तिथे.

म्हणून यादीवाल्यांचा दावा आधी तपासू. सर्गेई पिझ्यानोव या सोव्हिएत नेमबाजाने 1989 साली म्युनिकमध्ये 600 पैकी 593 गुण मिळवले. हा विक्रम मोडायला 2009 साल उजाडले. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ याने चांगवोनमध्ये 594 गुण केले. मधल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुले मागे पडून दाबलेल्या हवेची आली, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर रुळले, झटका शोषणाऱ्या यंत्रणा आल्या. एवढ्या सगळ्या तांत्रिक बदलांनंतर विक्रमात भर पडली ती एका गुणाची. या सुधारणा निरुपयोगी होत्या असे मी म्हणत नाही. दर छर्र्याला सारखा वेग मिळणे, दुरुस्तीची कटकट कमी होणे, हे लाभ खरे आहेत. पण 540 वर अडकलेल्या नेमबाजाला 560 वर नेण्याची ताकद त्यांच्यात असती, तर शिखरावर त्याची काही तरी खूण दिसायला हवी होती.

वेग वाढवण्याच्या हौसेबद्दल तर अधिक स्पष्ट बोलायला हवे. स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला 150 मीटरच्या आसपास वेगाने निघतो, म्हणजे त्याची ऊर्जा फार तर 6 ज्यूल. कागदाला भोक पाडायला ती पुरेशी आहे आणि जास्तीच्या ऊर्जेला एकही गुण मिळत नाही. स्प्रिंगच्या स्वस्त पिस्तुलात कडक स्प्रिंग घालणाऱ्यांचे तर उलटेच होते: पिस्टन अधिक जोराने आदळतो, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्तूल उसळते, सील लवकर फाटतात आणि छर्रे कागदावर आणखी विखुरतात. शिवाय आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांनी 20 ज्यूल आणि 4.5 मिलिमीटर अशी मर्यादा घातली आहे. तिच्या वरच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. ताकद वाढवण्याच्या नादात खेळाचे साधन त्या मर्यादेकडे ढकलण्यात नेमबाजीचे कसलेही हित नाही.

आता 'सराव कर' म्हणणाऱ्यांकडे वळू. पॅरिसच्या ऑलिंपिकनंतर त्यांना एक आयते उदाहरण मिळाले आहे: तुर्कीचा नेमबाज युसुफ दिकेच याचे छायाचित्र. साधा टी-शर्ट, साधा चष्मा, नेमबाजीच्या खास भिंगांचा पत्ता नाही, आणि मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्यपदक. साधनाचे लाड नकोत, हे या छायाचित्राने सिद्ध झाले असे ते सांगतात. छायाचित्र नीट पाहिले तर दिसते की दिकेचने नाकारले ते डोळ्यावरचे आणि कानावरचे सामान; हातात होते ते स्पर्धेचेच पिस्तूल, तळहाताच्या वळणांप्रमाणे घडवलेल्या मुठीचे. अनेक वर्षे मुरलेल्या नेमबाजाने काय काय टाळले, यावरून नवशिक्याला काय लागते हे ठरत नाही. आणि सरावाचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. सराव म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणे. मूठ बसत नसेल तर हात दर वेळी वेगळ्या जागी पकडतो आणि पुन्हा पुन्हा पक्की होते ती चूक. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती क्लबचे मोठ्या मुठीचे पिस्तूल दिले, की तिचे बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकाने पोचते, दाब सरळ मागे न जाता आडवा पडतो, आणि प्रशिक्षक ओरडतो, 'झटका देऊ नकोस.' ती झटका देत नसते. तिच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे असते.

मूठ जुळवणे म्हणजे काय, हे जवळून पाहिले तर यात चैन कसली हा प्रश्नच उरत नाही. मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी पिस्तुलाच्या मागच्या वळणात जितकी वर आणि खोल बसेल तितकी नळी मनगटाच्या रेषेत येते. खालची सरकती फळी तळहाताच्या कडेला नुसती टेकायला हवी. ती आवळली तर बोटे बधिर होतात आणि थरथर वाढते. मधल्या दोन बोटांच्या मागे पोकळी असेल तर तिथे एम-सीलसारखी पुट्टी भरायची, ओली असताना पकड घेऊन ठसा उमटवायचा, वाळल्यावर कानस आणि पॉलिश पेपरने उंचवटे उतरवायचे. परीक्षाही सोपी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते लक्ष्याच्या दिशेने उचलायचे, डोळे मिटून हात सैल होऊ द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. फोरसाइट खाचेच्या मध्यभागी दिसली तर मूठ बसली. दर वेळी ती डावीकडेच दिसत असेल तर मनगटाने ती ओढून मध्ये आणू नये. लाकूड कुठे नडते ते शोधावे. बॅकसाइटची खाच किती रुंद ठेवायची, ट्रिगरची पट्टी किती मागे घ्यायची, हे प्रश्न याच्या नंतरचे. बहुतेक पिस्तुलांत त्यासाठी स्क्रू दिलेलेच असतात; नवा भाग घ्यावाही लागत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: मग कौशल्य हाताचे की लाकडाचे? आंतरराष्ट्रीय नियमांनी ही सीमा फार विचारपूर्वक आखली आहे. मुठीचा कोणताही भाग हाताला वेढा घालू शकत नाही, मनगट मोकळे दिसलेच पाहिजे, पिस्तूल 1500 ग्रॅमहून जड नको, ते 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, ट्रिगरचा दाब 500 ग्रॅमपेक्षा कमी नको, दुर्बीण किंवा लेझर चालणार नाही. म्हणजे शरीराला आधार देणारे ते निषिद्ध, शरीराशी जुळणारे ते मान्य. डळमळता खांदा कोणतीही मूठ सावरू शकत नाही. ती एवढेच करते की खांद्याचा दोष खांद्याचाच म्हणून दिसतो, मुठीच्या दोषात मिसळून जात नाही.

कोणी टोकियो ऑलिंपिकची आठवण काढील. तिथे पात्रता फेरीत भारताच्या मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर तुटला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि 575 गुणांवर तिची अंतिम फेरी हुकली. यंत्रच निर्णायक ठरले ना, असे विचारले जाते. ठरले; पण त्या घटनेतून निघतो तो देखभालीचा आणि राखीव भाग जवळ ठेवण्याचा मुद्दा. सुट्या भागांवर पैसे घालायचेच असतील तर ते इथे घालावेत: सील, ओ-रिंग, लिव्हर, आणि मुदतीतला अस्सल सिलिंडर. 200 बार दाबाची हवा हाताजवळ बाळगायची असताना स्वस्त नकली सिलिंडर घेणे हा जिवाशी खेळ आहे, आणि सिलिंडरची मुदत पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते; कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर शिकणाऱ्या कितीतरी मुलांसाठी ते स्वप्नच आहे. फेरफाराला मान्यता दिली तर श्रीमंतांचेच फावेल, ही भीती प्रामाणिक आहे, पण तिचा रोख चुकला आहे. पुट्टी आणि कानस काही शे रुपयांत येते, आणि क्लबच्या जुन्या पिस्तुलालाही लागू पडते. फेरफार निषिद्ध मानला, की हाताला बसणारे पिस्तूल फक्त त्यालाच मिळते ज्याला हवे त्या मापाचे नवे विकत घेता येते. म्हणून प्रत्येक क्लबने नव्या पिस्तुलाच्या आधी लहान, मध्यम आणि मोठ्या मापाच्या मुठींचे दोन-तीन संच, एक शेगडा (व्हाइस) आणि कानशी घ्याव्यात. नव्या मुलाचा पहिला आठवडा छर्रा न झाडता मूठ जुळवण्यात जावा, आणि त्याची जुळवलेली मूठ त्याच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी. पिस्तूल सामाईक असले तरी मूठ ज्याची त्याची असू शकते; ती बसवायला एक स्क्रू पुरतो.