केंद्रप्रमुखाने ठरल्या वाराला गावात यावे

शेतीमालाला रास्त भाव मिळाला तर कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या उठणार नाहीत, ही आमची मांडणी जुनी आहे आणि ती बदलण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही. परंतु भाव मिळेपर्यंत पोराची चौथी थांबून राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, पाथर्डी या तालुक्यांतून नवरा-बायकोचा कोयता उचल घेऊन निघतो आणि पोरेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसतात. मार्च-एप्रिलात परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. थोरली मुलगी असेल तर तिने ते महिने कोपीवर धाकट्याला सांभाळण्यात घालवलेले असतात. पुढच्या वर्षी ती शाळेत परत जाईलच असे नाही.

या पोरांसाठी सरकारजवळ योजना नाहीत असे मुळीच नाही. आईबाप गेले तरी मुले आजी-आजोबांजवळ गावात राहावीत व त्यांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. जी मुले जातातच त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

मग अडते कुठे? घर आणि शाळा यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस जागेवर नसतो, तिथे अडते. टोळी उठण्याआधी वस्तीवर जाऊन कोण जाणार, कोण राहणार याची यादी करायची, आजीला विचारायचे, वसतिगृहाचा प्रस्ताव पुढे ढकलायचा, कार्ड हातात द्यायचे, हे काम कोणी तरी पायी फिरून करावे लागते. वसतिगृहाची मंजुरी टोळी गेल्यावर आली तर तिचा उपयोग कागदापुरताच. कार्डाचेही तसेच. कर्नाटकातल्या फडावर गेलेल्या मराठी पोराला कन्नड शाळेत त्या कार्डाने काय साधणार? म्हणजे मूल गावात ठेवण्याची तजवीज आधीच व्हायला हवी.

या कामासाठी पद आहे. १९९४ साली साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख असावा असे ठरून राज्यात ४,८६० पदे निर्माण झाली. २०२३ साली त्यांतील २,३८४ पदांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात काढावी लागली. किती केंद्रांचा कारभार प्रभारी माणसाच्या खांद्यावर चालला होता, याचा अंदाज यावरून यावा. प्रभारी म्हणजे स्वतःचा वर्ग किंवा स्वतःची शाळा सांभाळून वर दहा शाळांची माहिती गोळा करणारा शिक्षक. त्याने वस्तीवर कधी जावे? २०१७ पासून अनेक शिक्षक बालरक्षक म्हणून स्वेच्छेने अशी मुले परत आणतात. त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडे. पण स्वेच्छेच्या कामावर जिल्हा चालत नाही.

आम्ही नोकरशाहीचे वकील नाही. विस्तार म्हणजे काय हे मात्र शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी बसतो, तसाच शिक्षण विस्तार अधिकारीही बसतो. शब्द एकच. १९८० च्या दशकात शेतीखात्यात प्रशिक्षण व भेट योजना आली. तिच्यात दोष पुष्कळ होते. ठराविक संपर्क शेतकऱ्यांपलीकडे ती फारशी गेली नाही, आणि कोरडवाहूला सांगण्यासारखे तिच्याजवळ थोडेच होते. पण तिची दोन तत्त्वे खणखणीत होती. पंधरवड्यातून ठरल्या वाराला ठरल्या गावात भेट, आणि विस्ताराच्या माणसाला विस्ताराखेरीज दुसरे काम नाही. वार ठरलेला असला की शेतकरी बांधावर थांबतो, आणि माणूस आला नाही तर त्याला जाब विचारता येतो. वार ठरलेला नसेल तर न येण्याचा पुरावाच उरत नाही.

हीच दोन तत्त्वे केंद्रप्रमुखाला लावा, एवढेच आमचे म्हणणे. त्याच्याकडून रोज नवे तक्ते मागणे बंद करा, त्याला वस्तीवर पाठवा.

आणि जाब विचारण्याचे हत्यार आपल्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला, असे कायद्याचे कलम २१ सांगते. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे आणि अनुदानाचा खर्च तपासणे हे समितीचे काम आहे. पण बहुतेक गावांत मुख्याध्यापक वही घरी पाठवतात, आपण सही-अंगठा करतो आणि सभा 'झाली' असे समजतो. बाजार समितीत वजनकाट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा शेतकरी या वहीकडे का पाहत नाही?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत.

१. जिल्ह्यातील प्रत्येक केंद्रात पूर्णवेळ केंद्रप्रमुख असावा. रिकाम्या पदांची तालुकावार यादी जिल्हा परिषदेने जाहीर करावी.

२. केंद्रप्रमुखाच्या गावभेटीचा वार शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

३. पोळ्यानंतर, टोळ्या ठरण्याच्या आत, समितीची सभा घ्यावी. जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी तिथेच करून हंगामी वसतिगृहाची मागणी त्याच दिवशी पाठवावी. सभेला केंद्रप्रमुख हजर हवा.

तिसरा ठराव कोणाच्या मंजुरीसाठी अडत नाही. तो आपापल्या गावात जाऊन अमलात आणायचा आहे. मुकादम उचल वाटायला येतो तो वेळेवर येतो. यादी त्याच्या आधी तयार झाली पाहिजे.